मिठापुरती वेगळी चूल

सरकारची पाहणीवाली बाई आमच्या दारात आली ती नेमकी वन्सं आणि मी बोलत नव्हतो त्या दिवशी. आता यात माझी काय चूक? वर्षातले बाकीचे दिवस मोकळेच होते की तिला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेला तसं हे घर अर्धं त्यांच्या नावावर, अर्धं माझ्या नावावर झालं. पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान, मधली खोली त्यांची, मागे स्वयंपाकघर. वन्संनी लग्न केलं नाही. आईवडिलांचं दुखणंखुपणं काढण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि उरलेलं अर्धं माझ्या दुकानातली काजबटणं करण्यात चाललंय. पगाराचं नाव काढलं की म्हणणार, घरच्या कामाचे पैसे घेऊन कुठल्या बाजारात जाऊ?

माणूस सोन्यासारखं आहे, पण हट्टी किती म्हणाल? माझ्यापेक्षा जास्त. आता बोला.

आमच्या स्वयंपाकघरात शेगड्या दोन आहेत, हे मात्र खरं. त्याचं झालं असं की वन्संना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. मला अळणी घशाखाली उतरत नाही. एकाच भांड्यात दोघींचं भागवायला गेलो तर रोज जेवायला बसताना युद्ध. शेवटी एका सकाळी वन्सं ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, आजपासून माझी चूल वेगळी. त्या दिवशी दुसरी शेगडी आली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. सगळ्या गल्लीने ऐकलं, कारण आमच्याकडे हळू बोलायची पद्धत नाही.

तर पाहणीवाली आली त्या दिवशी भांडण होतं बटणांवरून. शाळेच्या गणवेशाचं काम होतं. मुलांच्या शर्टांना बटणं उजवीकडे हवीत, तर वन्संनी अख्ख्या गठ्ठ्याला डावीकडे लावून ठेवलेली, मुलींच्या शर्टांना लावतात तशी. आयुष्यभर हे काम केलेलं माणूस! मी बोलले. त्यांनी सुई ठेवली आणि आत जाऊन बसल्या. मी एकेक बटण उसवत होते, आणि तेवढ्यात दारात ही बाई. हातात कागद अडकवलेली सरकारी फळी, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर थकवा. तिने विचारलं, या घरात एका चुलीवर जेवणारी माणसं किती?

"आमच्या चुली वेगळ्या," मी म्हणाले. "दोन घरं लिहा."

आतून आवाज आला, "आणि माझं आधी लिहा. मी थोरली आहे."

बाईने दोन लिहिली आणि गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय? पण तेव्हा आम्हा दोघींनाही वाटलं की आपण चांगलं ठणकावून सांगितलं.

ती पाहणी कशासाठी होती ते नंतर कळलं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांकडून. काका जुन्या वळणाचे. बायकोला कधी बायको म्हणत नाहीत, ‘आमचं कुटुंब’ म्हणतात. त्यांनी शर्टाचं माप देता देता सगळं समजावलं. आता सरकारने कायदा केलाय, की जुनं दुखणं आहे म्हणून कुठल्याही विमावाल्याला माणूस नाकारता येणार नाही. हप्ता ज्याच्या त्याच्या घरच्या कमाईप्रमाणे, वरचा भार सरकार उचलणार. आणि कागदपत्रांत अडकायला नको म्हणून ग्रंथालयात एक टेबल मांडलंय, तिथे एक ताई फुकट मदत करते. फक्त महिनाअखेरपर्यंत नाव घालायचं, मग दार बंद ते पुढच्या वर्षी. काका स्वतः जाऊन आले होते. ताईने विचारलं, कुटुंबात किती? तर हे म्हणाले, कुटुंब एकच आहे हो, तेवढंच झेपतं. सांगताना इतके हसले की माझी टेप खांद्यावरून सुटली आणि माप पुन्हा घ्यावं लागलं.

माझं काम झटकन झालं. हप्ता इतका हलका की मी ताईला विचारलं, शून्य लिहायचं विसरलात का. मला आतापर्यंत विमा म्हणजे बड्या लोकांची चैन वाटायची. आम्ही आपलं आजारी पडायचं नाही, एवढाच आमचा विमा.

वन्संचं मात्र अडलं. घर वेगळं, माणूस एक, कमाई काहीच नाही. सरकारची मदत थोडीफार कमावणाऱ्यांपासून सुरू होते. ज्यांची कमाईच नाही त्यांच्यासाठी जुनी निराधारांची योजना आहे, म्हणे. तिथे चौकशी केली तर, यांच्या नावावर अर्धं घर आहे, या कसल्या निराधार? म्हणजे या पायरीला फार गरीब आणि त्या पायरीला फार श्रीमंत. धड ना इकडे, धड ना तिकडे. मी ताईला म्हणाले, वन्संना मी पगार देते असं लिहा. ती म्हणाली, गेल्या वर्षीचा लागतो. वन्सं तर खूशच झाल्या. म्हणाल्या, मला कशाला हवाय विमा, मला काय धाड भरलीय?

आणि त्याच आठवड्यात त्या इस्त्री करताना पडल्या.

मी पुढे मशीनवर होते. कापड जळल्याचा वास आला म्हणून ओरडले, वन्सं, लक्ष कुठं आहे? उत्तर नाही. वन्सं आणि उत्तर नाही, असं होतच नाही. जाऊन बघते तर त्या टेबलाच्या पायाशी, आणि वर इस्त्री एका बाहीवर तशीच. मी इस्त्री उचलून बाजूला ठेवली आणि दारातून ओरडून हाक मारली. औषधवाले काका दुकान उघडं टाकून धावत आले. काकांनी आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्या शुद्धीवर येऊन, जळालेली बाही कुणाच्या गणवेशाची होती, ते विचारत होत्या.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, पुन्हा काढली. हृदयाचे ठोके संथ झालेत, म्हणाले, मध्येच थांबतात. पेसमेकर बसवायला हवा. लहानसं यंत्र, छातीच्या कातडीखाली बसतं. भिण्यासारखं काही नाही, बसवलं की माणूस ठणठणीत. उद्याच हवं असं नाही, पण लांबवू नका. मग त्यांनी खर्च सांगितला आणि भिण्यासारखं काय ते मला कळलं.

परत येताना वन्संना विचारलं, चक्कर कधीपासून येतेय? त्या दोऱ्याचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, ती बटणं उलटी लावली तेव्हापासून. डोळ्यांपुढे अंधारी यायची, डावं-उजवं कळायचं नाही. मी म्हणाले, मग तेव्हा बोलला का नाहीत? तर म्हणतात, तू बोलू दिलंस का?

 मी त्यांचा दंड धरला आणि एवढंच म्हटलं की पायरी बघून उतरा.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी ताईपुढे बसले. घर विकायचं का मशिनी विकायच्या, एवढंच डोक्यात होतं. ताईने शांतपणे विचारलं, तुम्ही दोघी एका घरात राहता, तर कागदावर वेगळ्या का? मी म्हणाले, नणंद-भावजय एक कुटुंब धरतात होय? त्यातून मधला माणूसच उरला नाही. त्यावर तिने नियमाचं पान काढून वाचून दाखवलं. रक्ताचं नातं लागत नाही, लग्नाचं लागत नाही. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, बस. सरकारने मुद्दामच तसं ठेवलंय, कुणी सुटू नये म्हणून. तुम्ही एकत्र असता तर तुमच्या कमाईवर दोघींना मदत मिळाली असती, आणि त्यांचं दुखणं जुनं की नवं हे कुणी विचारलंही नसतं.

घ्या! हात दाखवून अवलक्षण. सरकारने दार सताड उघडं ठेवलं होतं आणि आम्ही दोघींनी आतून कडी लावून घेतली. ताईने फेरपाहणीचा अर्ज लिहून दिला. महिना संपायला आला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

पाहणीवाली यायच्या दिवशी मी सकाळीच वन्संची शेगडी उचलली, दुकानात कापणीच्या टेबलाखाली सरकवली आणि वर अस्तराचं कापड टाकलं. ओट्यावर एकच शेगडी. बघा म्हणावं, एक चूल. वन्सं उठून आल्या, रिकाम्या ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुठं ठेवलीस?"

मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की दोन मिनिटांचा प्रश्न आहे, तोंड मिटून बसा.

"खोटं बोलून मिळवलेलं यंत्र माझ्या छातीत नको," त्या म्हणाल्या. "रोज टिकटिक करून मला सांगेल ते."

"पेसमेकर टिकटिक करत नाही."

"मला ऐकू येईल."

आणि ज्या बाईला डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलू नका म्हणून सांगितलंय, तिने वाकून टेबलाखालून शेगडी ओढली. मी धरायला गेले, त्या सोडेनात. एका बाजूने त्या, एका बाजूने मी, मधे शेगडी आणि शेगडीवर अस्तर, अशा आम्ही असताना दारात पाहणीवाली उभी. माझी पाचावर धारण बसली.

तिने फळी काखोटीला मारली आणि शेगडी आत न्यायला आमच्याबरोबर हात लावला. ओट्यावर ठेवल्यावर वन्सं धापा टाकत म्हणाल्या, ही माझी, ती हिची, दोन आहेत, लिहा. मी कपाळावर हात मारून घेतला. बाईने लिहायला सुरुवात केली आणि मधेच थांबून, बहुतेक सवयीनेच, विचारलं की स्वयंपाक कोण करतं.

सांगायला गेले तेव्हा माझं मलाच विचित्र वाटायला लागलं. सकाळ म्हणजे माझी कापणीची वेळ, मला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे सकाळी दोन्ही शेगड्या वन्सं पेटवतात. त्यांचं अळणी करतात आणि माझंही करतात, मीठ चाखता येत नाही म्हणून अंदाजाने टाकतात. संध्याकाळी त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. मग दोन्ही शेगड्या मी पेटवते.

पाहणीवालीने पेन खाली केलं. "म्हणजे सकाळी दोन्ही चुली यांच्या आणि संध्याकाळी दोन्ही तुमच्या. मग वेगळं आहे काय?"

"मीठ," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ती इतकी हसली की तिला ओट्याला टेकावं लागलं. पण हसणं संपल्यावर म्हणाली, माझ्या कागदावर मिठाचा रकाना नाही. एक चूल की दोन, एवढंच आहे. मी जे बघितलं ते सगळं लिहिते, पण निकाल माझ्या हातात नाही. जिथे नियम टोचतो तिथली माणसं ऐकून घ्यायला एक समिती बसते, नगरपालिकेच्या सभागृहात, आणि ती नेमकी याच आठवड्यात आहे. तिथे या, दोघी या, आणि येताना भांडत या.

ते शेवटचं ती गमतीने म्हणाली होती. आम्हाला सांगायला नकोच.

सभागृहात आमच्यासारखी पुष्कळ होती. आमच्या पुढे दोन म्हातारे होते, निवृत्त बसचालक. जन्मभराचे मित्र, दोघांच्या बायका गेल्या तेव्हापासून एका छपराखाली राहतात. पण एकाला पहाटे जेवायला लागतं आणि दुसऱ्याला दुपारी, म्हणून शेगड्या दोन. मला जरा धीर आला. खुळी फक्त आम्हीच नव्हतो.

समितीच्या अध्यक्ष बाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. आमची पाळी आली तेव्हा मी घरून घोकून आणलेलं सगळं विसरले. उभी राहिले आणि सुटले. म्हणाले, तुमचा नियम कच्च्या टिपेचा आहे, ओढला की उसवतो. चूल चूल काय करता, माणसं बघा. आवाज चढत चालला होता माझा, तेवढ्यात माझी बाही कुणीतरी ओढली. वन्सं उभ्या राहिल्या होत्या.

त्या म्हणाल्या, हिच्याकडे लक्ष देऊ नका, हिला बोलायचं एक असतं आणि बोलते दुसरंच. नियम मोठ्या मनानेच बेतलाय. नातं विचारत नाही, एकत्र जेवता का एवढंच विचारतो, यापेक्षा जास्त कोण करतं? फक्त एका जागी तंग झालाय. आम्ही कापड शिवताना आत थोडं जास्तीचं ठेवतो, माणूस वाढलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. तसं थोडं ठेवा.

मी म्हणाले, वन्सं, तुम्ही बसा आधी, डॉक्टरांनी काय सांगितलंय? त्या म्हणाल्या, मी बसेन तेव्हा बसेन. मी म्हणाले, पडलात म्हणजे? त्या म्हणाल्या, पडले तर तू आहेसच ओरडायला. सभागृहात हसू फुटलं. बसचालकांपैकी एकाने उठून त्यांना आपली खुर्ची दिली. अध्यक्ष बाईंनी कुणाला गप्प केलं नाही. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वन्संना विचारलं, तुम्हाला दुखलंखुपलं तर तुम्ही हाक कुणाला मारता?

वन्सं खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिलाच," त्या म्हणाल्या. "आणि ही मला. बोलत नसलो तरी."

मी खिडकीकडे बघत राहिले. तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

बाईंनी स्पष्टच सांगितलं की कायद्यातला शब्द बदलायला वेळ लागेल, त्या वर लिहून पाठवतील. पण तोवर जी माणसं समोर आली आहेत, त्यांच्या शेजाऱ्यांपैकी कुणी शब्द दिला तर त्यांना एक कुटुंब धरायचं, एवढा अधिकार समितीला आहे. आमच्याबरोबर आलेले औषधवाले काका मागच्या रांगेतून हात वर करून उभेच राहिले. या दोघी एकत्र आहेत, ते म्हणाले, अख्ख्या गल्लीच्या कानांना विचारा. बसचालकांचंही काम झालं. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग आठवलं की भांडं कुणाच्या शेगडीवरचं ते आता कुणी विचारणार नाही.

महिना संपायच्या आत वन्संचं नाव चढलं. हप्ता थोडा वाढला, पण तो माझ्या कमाईला पेलण्यासारखा होता. काकांनी मंजुरीचं पत्र वाचलं आणि म्हणाले, बघा, तुम्ही झालात प्रमुख, आणि वन्सं झाल्या तुमचं कुटुंब! वन्संनी त्यांना दुकानाबाहेर काढलं.

रुग्णालयात भरती करायला गेलो त्या सकाळी काका बरोबर आले होते. खिडकीतल्या मुलीने विम्याचं कार्ड घेतलं, यंत्रावर घातलं, सगळं जुळलं. पैशाचं नाव नाही. मग तिने विचारलं, पेशंट तुमच्या कोण? नणंद, मी म्हणाले. तिने पडद्यावर शोधलं. आई होती, मुलगी होती, बहीण होती, पत्नी होती. नणंद नव्हती.

"इतर लिहू का?" तिने विचारलं.

"इतर?" माझा आवाज चढलाच. "इतर कशाला? कुटुंब आहे माझं."

ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मागे काका हसता हसता बाकावर बसले. चाकाच्या खुर्चीतून वन्सं त्या मुलीला म्हणाल्या, "लिही, लिही. म्हणतेय ती बरोबर आहे. आज पहिल्यांदाच."

त्यांना आत नेलं तेव्हा मी बाहेर बसले. पिशवीत काजांचं काम आणलं होतं, पण सुईत दोरा ओवता येईना. शेवटी काकांनी ओवून दिला. मग एक नर्स आली आणि म्हणाली, झालं, उत्तम झालं, भेटून या.

वन्सं खाटेवर होत्या. खांद्याखाली पट्टी, चेहरा उतरलेला, पण ओठांवर रंग आलेला. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. ठोके एकसारखे पडत होते, तेल दिलेल्या मशीनच्या टिपेसारखे. त्यांनी डोळे किलकिले केले.

"शेगडी बंद करून आलीस का?"

"दोन्ही," मी म्हणाले, आणि मग मला राहवलंच नाही. इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं डोळ्यांवाटे आलं, अगदी त्यांच्या हातावर. मी पुसायला लागले, तर त्यांनी हात मागे घेतला नाही.

"बाजूला रड," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला मीठ बंद केलंय."